डाव्या हाताचा बर्नर

वयनी, तुझ्या शेगडीचा डावा बर्नर आता निळा पेटतो. ज्योत सरळ उभी राहते, टोपाच्या बुडाला काळं धरत नाही. काम एवढंसंच होतं. तासभरही लागला नाही मला. आणि ते मी तू गेल्यावर अकराव्या दिवशी केलं.

पार्सेच्या घरात, तुझ्याच स्वयंपाकघरात, जनेल उघडून त्याच्याखालच्या मेजावर वही ठेवून हे लिहितो आहे. बारावा काल झाला. तुझी धाकटी जाऊ शैला डिचोलीला आमच्या घरी परत गेली, मी मागे राहिलो. तिला सांगितलं, घर आवरून येतो. खरं तर आवरायला काही नाही. तू कधी पसारा ठेवलास? डबे जिथल्या तिथे आहेत, फडकी धुवून घडी घातलेली आहेत. पाच महिने घर बंद होतं म्हणून धूळ तेवढी बसली होती.

पेपरात तुझ्याविषयी चार ओळी दिल्या. 'धार्मिक व मनमिळावू स्वभावाच्या' हे त्या पेपरवाल्याने पदरचं घातलं. तू वाचलं असतंस तर हसून हसून बेजार झाली असतीस. धार्मिक ठीक आहे. पण मनमिळावू? उंडे लहान केले म्हणून पाव घेऊन येणाऱ्या पोदेराशी एक दिवसाआड भांडणारी बाई तू. तो बिचारा सायकल लांब उभी करून भोंगा वाजवायचा. परवा तोही येऊन गेला. दारात उभा राहिला, चार उंडे ठेवून गेला.

दादाशी लग्न होऊन तू या घरात आलीस तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. आई अंथरुणाला खिळलेली, दादा दिवसभर बागायतीत. घरात बाईमाणूस म्हणून तू एकटी, आणि तुझं वय तरी किती! मी तुझ्याशी पहिले चार दिवस बोललो नाही. पाचव्या दिवशी चुलीपुढे बसून विस्तव पेटवायचा प्रयत्न करत होतो, धुराने डोळे चुरचुरत होते, आणि मी आपला लाकडामागून लाकूड आत कोंबत होतो. तू मागून येऊन माझा हात धरलास.

"लाकडां चड घालूं नाका रे बाबल. वारो खंयसून येतलो?"

मग दोन लाकडं बाहेर ओढलीस, उरलेल्यांच्या मध्ये बोटभर जागा केलीस, फुंकणीने एकदाच फुंकर घातलीस. भडका उडाला. मला तेव्हा ती जादू वाटली. पुढे मी डिचोलीला खाणीच्या गॅरेजात मेकॅनिक म्हणून लागलो, इंजिनं उघडायला शिकलो, तेव्हा कळलं की तू मला सांगितलं होतंस तेच तिथला मेस्त्री सांगत होता. डिझेल असो, लाकूड असो, जळायला हवा लागते. हवा कमी पडली की धूर काळा. मी तीस वर्षं खनिजाच्या ट्रकांचे सायलेन्सर बघून ड्रायव्हरांना ऐकवत आलो, "काळो धूर मारता? वारो गावना तिका. फिल्टर उघड पयलीं." एखाद्याने वाद घातला तर मी त्याला उभा सोलायचो. माझ्या या तोऱ्याची तू नेहमी टिंगल करायचीस. म्हणायचीस, बाबलाला माणसांपेक्षा ट्रकांचा खोकला लवकर कळतो.

किती खरं बोललीस, वयनी.

ही शेगडी मीच आणलेली. दोन बर्नरची, स्टीलची. आधीची पहिली शेगडी आणली होती तेव्हा तू महिनाभर तिला हात लावला नव्हतास. गॅसावरच्या पेजेला चव नसते हा तुझा मुद्दा, आणि चव तांदळाला असते, आगीला नसते हा माझा. हा वाद आपण कितीदा घातला असेल! दादा जेवता जेवता उठून जायचा. तू शेवटपर्यंत मानलं नाहीस. मीही नाही. आता मी मानायला तयार आहे, पण त्याचा काय उपयोग?

दादा गेल्यावर तू एकटी राहिलीस. तुला मूल नव्हतं. मी होतो. तू कधी तसं बोलून दाखवलं नाहीस, मीही नाही, पण आपल्याला दोघांनाही ते ठाऊक होतं. खाण बंद पडली, मी डिचोलीतच छोटं गॅरेज टाकलं, आणि दर रविवारी स्कूटर काढून अस्नोडा, कोलवाळचा पूल असं करत तुझ्याकडे यायला लागलो. दुपारी तुझ्या हातचं माशांचं हुमण आणि भात, मग ओसरीवर तासभर झोप, चार वाजता चहा, की परत. कधी शैला बरोबर असायची. बारा-तेरा वर्षं हा नेम चालला. सुरुवातीला मी हौसेने यायचो. मग सवयीने. आणि शेवटची दोन वर्षं, आज लिहूनच टाकतो, कंटाळत यायचो. गुडघे दुखायचे. कोलवाळच्या पुढे रस्त्याचं काम चालू, धूळ नाकातोंडात. शनिवार संध्याकाळपासून माझी कपाळाला आठी असायची. शैला म्हणायची, त्यांना इथेच घेऊन या ना. मी म्हणायचो, ती येणार नाही. आणि ते खरंच होतं. तू तुझी चूल सोडून कुठे राहणारी बाई नव्हतीस. केरीला माहेरी गेलीस तरी आठव्या दिवशी परत.

मेमध्ये तू अशीच आठ दिवस केरीला जाऊन आलीस. जूनच्या पहिल्या रविवारी मी आलो तर मोरीत टोप घासत बसली होतीस. नारळाच्या सोडणाने, राखेने, दोन्ही हातांनी. टोपाचं बूड काळं कुळकुळीत.

"कितें गे, करपलें?"

"करपूंक ना रे. भायल्यान काळो जाता. आगीक वारो गावना."

मी हसलो. तुला आठवतं? मी हसलो आणि ओसरीवर जाऊन पेपर उघडला. तीस वर्षं मी जे वाक्य ड्रायव्हरांच्या डोक्यात घालत होतो तेच वाक्य तू माझ्या तोंडावर बोललीस आणि मला ते ऐकू आलं नाही. ऐकू आलं, पण चुलीपुढच्या म्हातारीचं बोलणं म्हणून ऐकलं. गॅसाला कसला आलाय वारा, असं मला वाटलं. मला, मेकॅनिकला.

पुढच्या रविवारी पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या रविवारी तू मला हाताला धरून शेगडीपुढे नेलंस. मी घाईत होतो, डिचोलीत एका ट्रकाचं काम अर्धवट होतं. मी हाताशी आलेली उजवी कळ फिरवली, पेटवली. ज्योत निळी, झकास.

"ही बघ वयनी, निळी आसा. कांय जावंक ना."

"ती न्हय रे. ही डाव्या हाताची बघ."

मी कळ बंद केली आणि म्हणालो, च्या कर, माका वचपाचें आसा.

या एका गोष्टीबाबत मला स्वतःला फसवता आलं असतं. मी म्हणू शकलो असतो की तुझं बोलणं माझ्या कानावर पडलं नाही. पंखा फिरत होता, बाहेर माणसं होती, काहीही. पण पडलं होतं. 'डाव्या हाताची' हे शब्द मी नीट ऐकले. फक्त हात पुढे केला नाही. चहा तू उजव्या बर्नरवर केलास आणि त्याबद्दल पुन्हा काही बोलली नाहीस.

मग तू तुझ्या परीने उपाय शोधलास. पूर्वी चुलीवर ठेवायच्या आधी आपण टोपाला बाहेरून ओली राख फासायचो. मग सगळी काजळी त्या राखेवर बसायची आणि घासताना राखेबरोबरच निघून जायची. प्रत्येक घरात करायचे. गॅस आल्यावर सगळ्यांनी सोडून दिलं, तूही सोडलंस. ते तू पुन्हा सुरू केलंस. टोप काळे होतात, मनगटं दुखतात, बाबल लक्ष देत नाही, तर निदान घासणं सोपं व्हावं म्हणून. यात वेडेपणाचं काय होतं? दहा माणसांना विचारलं तर दहाही म्हणतील, शहाणी बाई.

पण आम्ही काय पाहिलं? चवथीच्या आदल्या दिवशी शैला आणि मी आलो. तू आत पातोळ्यांची हळदीची पानं पुसत होतीस. गॅसावर मोठा टोप, आणि त्याला बाहेरून राखेचा लेप. शैलाने माझ्याकडे पाहिलं, मी शैलाकडे. ती मला परसात घेऊन गेली आणि हळूच म्हणाली, "वयनीक गॅस म्हळ्यार चूल दिसता. तांकां एकट्यां दवरप बरें न्हय."

तुला एकटं ठेवणं बरं नाही यावर मी लगेच मान हलवली, वयनी. एका क्षणाचाही वेळ घेतला नाही. तुला जाऊन विचारलं नाही की राख कशाला लावतेस. विचारलं असतं तर तू दोन वाक्यांत सांगितलं असतंस. आज इथे एकटा बसून मी त्या क्षणाकडे फिरून फिरून पाहतो आहे, की मी का विचारलं नाही. उत्तर येतं ते तोंडावर आणायची लाज वाटते. मला कारण हवं होतं. कोलवाळची धूळ चुकवायला, रविवार मोकळा करायला मला एक कारण हवं होतं, आणि तू ते राख फासून माझ्यापुढे ठेवलंस. तुला घरातून काढलं असं कोणी म्हणायला नको होतं. काळजी घेतली असं म्हणायला हवं होतं.

तशी तजवीजही मी केली. चवथीला आलेल्या प्रत्येकाला सांगितलं, वयनीला हल्ली कळत नाही. शेजारच्या सरसूबायला सांगितलं, भटजींना सांगितलं, आरतीला आलेल्या बायकांना सांगितलं. आवाज खाली करून, सुस्कारा सोडून. लोक माझ्याकडे कौतुकाने बघत होते. आणि तू आत पातोळ्या वाफवत होतीस, उजव्या बर्नरवर, एक घाणा उतरवून दुसरा, कारण डावा नीट चालत नव्हता. सगळ्यांचं जेवण त्यामुळे तासभर लांबलं. तेही मी तुझ्याच खाती मांडलं. म्हटलं, बघा, आता तिला झेपत नाही.

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी मी सिलिंडरवरचा रेग्युलेटर काढला आणि खिशात घातला. तू दारात उभी राहून बघत होतीस.

"कित्याक रे काडटा?"

"वयनी, तूं आतां आमच्याकडे येतलीस. हांगा गॅस नाका. आग-बीग लागत."

तू रेग्युलेटरकडे पाहिलंस, माझ्याकडे पाहिलंस. मला वाटलं आता भांडशील. पोदेराशी भांडतेस तशी भांडशील, आणि मग मी आवाज चढवीन, आणि सगळं सोपं होईल. तू भांडली नाहीस. म्हणालीस, "बरें. पावस उणो जावंदी, मागीर येतां." मी म्हटलं, पाऊस ओसरायची वाट नको, आजच. तू आत जाऊन दोन लुगडी पिशवीत घातलीस.

रेग्युलेटर मी गॅरेजच्या खणात पाने-पक्कडींबरोबर ठेवला. पाच महिने तो तिथे होता. पाना काढायला खण उघडला की तो दिसायचा.

डिचोलीत तुझे हाल केले नाहीत आम्ही. हे मी माझ्या बाजूने लिहीत नाही, शैलाच्या बाजूने लिहितो. तिने तुला वेळेवर पेज दिली, पाय चेपले, केस विंचरले. पण स्वयंपाकघरात तुला हात लावू दिला नाही, कारण मी बजावून ठेवलं होतं. तू उंबरठ्यावर बसून अळसांद्याच्या शेंगा सोलायचीस, नारळ खवून द्यायचीस. खवून झाल्यावरही तिथेच बसायचीस. एकदा सकाळी शैला कपडे वाळत घालायला गच्चीवर गेली होती. दूध उतू जायला लागलं. तू उठलीस आणि कळ बारीक केलीस, एवढंच. मी बाहेरून आलो तो तुझा हात कळीवर. मी ओरडलो.

"वयनी, हात लावूं नाका म्हळां न्हू!"

तू हात मागे घेतलास. तो घ्यायची रीत मला अजून दिसते. आठ वर्षांच्या मला तू कधी असं ओरडली नव्हतीस, विस्तवात हात घालत असतानासुद्धा. दूध उतू गेलं नव्हतं. तू ते वाचवलं होतंस. शैलाने खाली आल्यावर विचारलं तर मी सांगितलं, थोडक्यात बचावलो.

डॉक्टरांकडे नेलं तेही आठवतं. त्यांनी तुला वार विचारला, तिथी तू आपण होऊन सांगितलीस. नातेवाइकांची नावं विचारली, तर तू त्यांनाच विचारलंस, तुमची आई मांद्र्याची का हो, नाकावरून वाटतं. ती खरंच मांद्र्याची निघाली. डॉक्टर हसले, म्हणाले, यांना काही झालेलं नाही, वय झालंय, जरा बोलतं ठेवा. बाहेर आल्यावर मी शैलाला काय म्हटलं माहीत आहे? डॉक्टरांना पाच मिनिटांत काय कळणार, घरी बघितलं पाहिजे. मी गाडी पाच मिनिटांत ओळखतो म्हणून मिरवणारा माणूस!

तू गेलीस ती दुपारी. पेज घेतलीस, जरा पडते म्हणालीस. चार वाजता शैला चहा घेऊन गेली तेव्हा तू नव्हतीस. त्रास झाला नाही, सगळे म्हणतात. मला त्रासाचं काय माहीत? माझ्या घरात पाच महिने तू एकदाही मोठ्याने हसली नाहीस, तो त्रास मी कुठे मोजला?

तुला पार्सेला आणलं. सगळं इथेच झालं, जसं व्हायला हवं तसं. पहिले दहा दिवस घरात आग नव्हती, सरसूबायच्या घरून पेज आणि उकडा भात यायचा. अकराव्या दिवशी शैला म्हणाली, उद्या माणसं येणार, गॅस चालू करून ठेवा. मी डिचोलीहून येताना रेग्युलेटर आणला होता. लावला. मोठा टोप पाण्याने भरून डाव्या बर्नरवर ठेवला आणि काडी ओढली.

ज्योत पिवळी. वाकडी, लांबट, टोपाच्या कडेने वर चाटत येणारी. बंद केला तर 'भप्' असा आवाज. पुन्हा पेटवला, पुन्हा पिवळी. टोप उचलून पाहिला तर इतक्यात बुडाला तळहाताएवढं काळं वर्तुळ. आणि तू तिथे नव्हतीस, वयनी. शेगडीला तू पाच महिने शिवली नव्हतीस. दोष द्यायला तिथे मी सोडून कोणी नव्हतं.

मी खाली बसलो. मग उठलो आणि जे जूनमध्ये करायचं ते करायला घेतलं. सिलिंडर बंद केला. बर्नरची पितळी टोपी उचलली. अर्धी भोकं राखेने बुजलेली, तुझ्या टोपावरून सुकून पडलेल्या राखेने. तुझा उपाय दुखणं वाढवत होता, हे तुला कोण सांगणार होतं? ते सांगणारा माणूस उजवी कळ फिरवून चहा पीत होता. फळीवरच्या डब्यात जुन्या रॉकेलच्या स्टोव्हची पिन सापडली. तू ती टाकली नव्हतीस. त्या पिनेने एकेक भोक मोकळं केलं, टोपी साबणाच्या पाण्यात उकळली, पुसून वाळवून बसवली. पेटवलं. भोकांतून ज्योत सारखी आली, पण पिवळीच.

म्हणजे हवा. शेगडी उलटी केली. गॅस जिथून सुटतो त्या बारीक जेटच्या तोंडाशी बर्नरची नळी असते. त्या नळीच्या तोंडातून हवा आत ओढली जाते आणि गॅसात मिसळते. मी टॉर्च धरला. उजवी नळी आरपार दिसली. डाव्या नळीत माती. कुंभारीण माशीने आत घर बांधलं होतं, जनेलाच्या खाचांत बांधते तसं, गोल, गुळगुळीत. तू केरीला गेलेल्या त्या आठ दिवसांत शेगडी थंड होती, तेव्हा तिने बांधलं असणार. हवेला कडेने चिमूटभर वाट उरली होती. मी तारेने ते फोडलं. सुपारीएवढी माती ओट्यावर पडली.

आगीक वारो गावना. तू नळी बघितली नव्हतीस, शेगडी उलटी केली नव्हतीस. नुसती ज्योत बघून तू ओळखलंस.

बर्नर बसवला, पेटवला. निळा. मी त्याच्यापुढे किती वेळ बसलो मला ठाऊक नाही. शैला आली, तिने ओट्यावरची माती पाहिली, मी तिला सगळं सांगितलं. ती ओट्याला धरून उभी राहिली. मग म्हणाली, "तुमीं एकदां तरी पेटोवन पळयलें आसलें जाल्यार." मी म्हटलं, होय, एकदा तरी पेटवून पाहायला हवं होतं. धोका होता, नव्हता असं नाही. आत कोंडलेला गॅस कधीतरी भडकला असता. पण धोका नळीत होता आणि मी तो तुझ्या डोक्यात शोधला.

काल बारावा. जेवणं झाली, माणसं ओसरीवर पानसुपारी घेऊन बसली. आणि सुरू झालं, मीच पेरलेलं. एक जण म्हणाला, बाबलाने शेवटी शेवटी खूप केलं. दुसरी म्हणाली, सांभाळून नेली म्हणून, नाहीतर घराला आग लावली असती म्हातारीने, तिला शेवटी काही कळत नव्हतं. सगळ्यांनी माना हलवल्या. मी पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभा होतो. आणखी थोडा वेळ गप्प राहिलो असतो तर विषय बदलला असता. जत्रेचं बोलणं निघालंच होतं. तू कायमची तशीच राहिली असतीस या गावात, गॅसाला चूल समजणारी.

"तिका सगळें कळतालें," मी म्हटलं. आवाज मोठा निघाला, सगळे वळले. "शेगडी पाड जाल्ली. तिणें माका सांगिल्लें, तीन आयतार सांगिल्लें. हांवें पळयलें ना. राख लायताली ती टोप काळे जातात म्हूण. कळूंक ना तें माका. तिका न्हय."

 एकाने सुपारी चघळणं थांबवलं. जाऊ द्या हो, असं कोणीतरी पुटपुटलं. मग हळूहळू उठले, चपला घातल्या, येतो म्हणाले. सरसूबाय तेवढी थांबली. खांबाला टेकून बसली होती, तशीच बसून राहिली. मी तिच्यासमोर बसलो.

"माका खबर आसलें, बाबल," ती म्हणाली.

"कितें?"

"शेगडेचें. आमचो जांवय शेगड्यो दुरुस्त करता न्हू पेडण्यां. हांवेंच ताका तुमगेर धाडिल्लो. हत्यारां घेवन आयिल्लो तो. तिणें ताका च्या दिली, आनी परतो धाडलो."

"कित्याक?"

सरसूबायने पदराने नाक पुसलं. "म्हणपाक लागली, 'घरांत मेकॅनिक आसा न्हू. आयतारा येतलो तो. दुसऱ्यान हात लायलो जाल्यार बाबलाक वायट दिसतलें.'"

वयनी, मी दर रविवारी येत होतो. आणि तू दर रविवारी वाट बघत होतीस.